मुलाला 'ढ' म्हणण्याआधी

निकाल लागला की वस्तीत एक शब्द हमखास ऐकू येतो : 'ढ'. शाळेत मास्तर म्हणतात, घरी बाप म्हणतो, मग शेजारची पोरेही म्हणू लागतात. या शब्दामागे एक गंमत सांगितली जाते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतली ब्राह्मी अक्षरे पुढे पार बदलली, पण 'ढ' जवळपास तसाच राहिला. म्हणून कितीही शिकवले तरी न बदलणारा तो 'ढ'! खरेखोटे पंडित जाणोत. पण बुद्धी जन्मतःच ठरते, ही समजूत मात्र या शब्दात पक्की बसली आहे. आज आम्हांस तिच्याविषयीच बोलायचे आहे.

बुद्धी मोजण्याची आजची पद्धत निघाली पॅरिसमध्ये. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत द्यायची, तर ती ओळखायची कशी? १९०४ साली फ्रेंच सरकारने त्यासाठी समिती नेमली. आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने थिओडोर सिमाँ या डॉक्टरांच्या साथीने १९०५ मध्ये तीस कसोट्या तयार केल्या. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, ऐकलेले आकडे परत म्हणता येतात का, कागद आणि पुठ्ठा यांत फरक काय, अशा साध्याच. पाठांतर तपासायचे नव्हते, मूल विचार कसा करते ते पाहायचे होते. मागे पडलेल्यांसाठी बिनेने खेळही सुचवले : पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहणे, वस्तू क्षणभर पाहून आठवून सांगणे. लक्ष आणि स्मरण सरावाने वाढते, असे त्याचे मत होते. १९११ साली तो वारला.

पुढे अमेरिकेत याच मोजपट्टीची काठी झाली. मंदपणा रक्तातूनच येतो, असे हेन्री गोडार्ड यांच्यासारख्यांनी ठरवून टाकले. १९२७ साली तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा शिक्का बसलेल्यांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा उचलून धरला. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. 'बिने-कामत' या नावाने ती ओळखली जाते. बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरतात. आकडा साधारण ७० च्या खाली गेला की बौद्धिक दिव्यांगतेची शंका घेतात. शंकाच बरे का! पूर्वी याला 'मतिमंदत्व' म्हणत. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. मूल स्वतः कपडे घालते का, रस्ता ओलांडते का, दुकानातून उरलेले पैसे मोजून आणते का, पोट दुखते हे सांगू शकते का, हेही पाहावे लागते. दोन्हींत मोठी उणीव असेल आणि ती लहानपणापासून असेल, तरच ते नाव द्यायचे. मनाचा आजार ही निराळी गोष्ट आहे.

म्हणून आईवडिलांना आमचे सांगणे, आधी मुलाचे कान तपासा. कान वाहणाऱ्या मुलाला मागच्या बाकावर अर्धेच ऐकू येते आणि ते 'ढ' ठरते. मग डोळे. मग थायरॉईड, कारण तान्हेपणी ही ग्रंथी कमी पडली व उपचार झाले नाहीत तर मेंदूची वाढ खुंटते. उपाशीपोटी शाळेत बसणाऱ्या मुलाबद्दल काय बोलावे!

एवढे करूनही निदान झालेच तर ते लपवू नये आणि अंगारे-धुपाऱ्यांत पैसा घालवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगता धरलेली आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगतेचा दाखला असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात विचारावे.

घरी शिकवताना काम तोडून शिकवा. शर्ट घालायचा तर बाकी सगळे आईने करावे, शेवटचे बटण तेवढे मुलाला लावू द्यावे. ते जमले की दोन बटणे. पहिल्याच दिवशी अख्खा शर्ट हातात दिला की मूल रडते आणि आईही.