पांदण नकाशावर कोण आणणार?



मालक नसलेले ऑनलाइन तंत्रसमूह म्हणजे पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांची हौस, तालुक्यातल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य, असे मत गेल्या अंकात एका वाचकाने मांडले आहे. ते मला मुळीच मान्य नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, तो बिनपगारी लिहिणाऱ्यांच्या बळावर. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या, कुणालाही भर घालता येणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशाचेही तेच. आणि या नकाशाला तालुक्यातलाच माणूस हवा. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या कोणत्या पांदणीतून बैलबंडी निघते आणि कोणती नाल्यापाशी अडते, हे इथल्या शेतकऱ्यालाच ठाऊक. उपग्रहाच्या छायाचित्रावर बिंदूला बिंदू जोडत ती पांदण आखायची, कच्चा रस्ता म्हणून नोंदवायची, नाव देवनागरीत लिहायचे. चुकले तर दुसरा कुणी दुरुस्त करतो. आधीची नोंदही बदलांच्या इतिहासात राहते. तोच नकाशा ऑसमअँडसारख्या ॲपमध्ये उतरवून घेतला की शेतात रेंज नसली तरी चालतो. बेंबळा धरणाच्या प्रकल्पाने आमच्या ज्या तालुक्याचा भूगोलच बदलला, तिथले हे काम बाहेरच्याने कसे करावे?

त्या वाचकाचा एक मुद्दा खरा आहे. नवख्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तो पुन्हा फिरकत नाही. पण त्यावर उपाय पाठ फिरवणे हा नव्हे. मराठीतून समजावून सांगणारे वाढले पाहिजेत.

कळंब, नेर, राळेगावच्या वाचकांना विनंती: पेरणीआधी आपल्या गावची निदान एक पांदण नकाशावर चढवा, आणि शेजारच्या एकाला ते शिकवा.

— एक वाचक, बाभुळगाव (जि. यवतमाळ)