जुना भत्ता, कागदी पंचनामा



सरकारी नोकरांचा प्रवासभत्ता, त्यांचे औषधपाणी आणि सरकारने नेमलेल्या सल्लागारांचे मानधन यांचे नियम जुने झाले, ते बदला, अशी मागणी अनेक वर्षे चालू आहे. मूलच्या बैठकीत हा विषय निघाला की कोणी ना कोणी विचारणारच, "कापसाला भाव नाही, ज्वारी रानडुकरांनी लोळवली आणि आपण साहेबांच्या भत्त्याची काळजी करायची?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. हा भत्ता ज्या दौऱ्यासाठी मिळतो, तो दौरा आपल्या बांधापर्यंतचा आहे. दौरा झाला नाही तर साहेबाचा पगार कापला जात नाही. आपली नुकसानभरपाई मात्र बुडते.

नियमाचे वय

राज्यातल्या सरकारी नोकरांच्या प्रवासभत्त्याचे मूळ मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ यांत आहे. त्या वेळी महाराष्ट्र राज्य जन्मलेही नव्हते. गुजरात, विदर्भ, मराठवाडा यांचे मिळून मोठे मुंबई राज्य होते. ते राज्य १९६० साली संपले, त्याचा नियम शिल्लक राहिला. वैद्यकीय देखभालीचे नियम १९६१ चे. पुढच्याच वर्षी आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचे मा. सां. कन्नमवार मुख्यमंत्री झाले. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला १९८२ साली.

मधल्या काळात दर बदलले, शासन निर्णयांवर शासन निर्णय निघाले. पण जुन्या सदऱ्याला ठिगळे लावावीत तसे हे काम झाले. महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांक पाहून ठरतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांचा कायम प्रवासभत्ता म्हणजे महिन्याची ठरलेली रक्कम. ती आपोआप वाढत नाही. तिच्यासाठी निवेदन, मोर्चा, काम बंद, मग फाईल, मग वित्त विभागाची हरकत. तोवर पेट्रोल कुठल्या कुठे गेलेले असते.

केंद्राने यावर एक तोड काढली. १३ जुलै २०१७ च्या आदेशात दौऱ्याचे दर ठरवताना असेही लिहिले की महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर आपोआप २५ टक्क्यांनी वाढतील. म्हणजे दराला घड्याळ बांधता येते. सरकारच्या मनात आले तर अवघड काही नाही.

पण त्याच आदेशातली दुसरी गोष्टही पाहा. सर्वांत खालच्या पातळीवरच्या नोकराला मुक्कामासाठी दिवसाला ४५० रुपये आणि जेवणासाठी ५००. सर्वांत वरच्या साहेबाला मुक्कामासाठी ७,५०० आणि जेवणासाठी १,२००. भूक दोघांची सारखीच. चिखल तुडवणारा मात्र बहुतेक खालचाच असतो.

काटकसर कोणाच्या खिशातून?

कोणी म्हणेल, जुना दर चालू राहिला तर तिजोरीचे पैसे वाचतात, आपलेच पैसे वाचतात. हा हिशेब खोटा आहे.

भत्ता पुरत नाही तेव्हा तीनांपैकी एक गोष्ट घडते. पहिली, कर्मचारी येतच नाही. पंचनामा टेबलावर होतो आणि एका शेताचा आकडा दहा शेतांना लागतो. दुसरी, तो दुसऱ्याच्या गाडीत बसून येतो. गाडी कधी ठेकेदाराची, कधी बियाणे-औषध विकणाऱ्या दुकानदाराची. ज्याच्या गाडीत बसून आला, त्याच्याविरुद्ध तो लिहील काय? तिसरी, न केलेल्या दौऱ्याचे बिल निघते. नियमच खोटे बोलायला लावतो आणि एकदा खोटे बोलायची सवय लागली की ती टीए बिलापुरती राहत नाही. तिन्ही वेळा किंमत आपणच मोजतो.

२०१७ ची बोंडअळी आठवा. गुलाबी अळीने विदर्भातला कापूस पोखरला. शेतोशेती पंचनामे करायचे होते. मदत मिळायला पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावे लागते. शेतात ३० टक्के गेले की ४०, हे ठरवतो तो शेतात उभा राहणारा माणूस. बोंड फोडून पाहिल्याशिवाय ही अळी दिसत नाही. रस्त्यावर मोटारसायकल थांबवून पाहिले तर पऱ्हाटी हिरवीच दिसते. पैसेवारीचे तेच. ५० पैशांच्या वर की खाली, यावर गावाचा दुष्काळ ठरत आला आणि तो आकडा कोणीतरी प्रत्यक्ष कापणी करून काढायचा असतो.

आणि आपले जिल्हे म्हणजे काही पुणे-सातारा नव्हेत. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. मध्ये जंगल, नाले, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते. सपाट मुलखाचा आणि या मुलखाचा दर एकच ठेवला तर इथे कोण फिरणार?

औषधपाणी

सरकारी नोकराला आजारपणाचा खर्च परत मिळतो, पण आधी त्याने तो स्वतः करायचा. मग बिले, दाखले, जिल्हा शल्यचिकित्सकांची तपासणी आणि वाट पाहणे. कोणत्या आजारात खाजगी दवाखान्यात गेलेले चालते, याची यादी १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात घातली. आजार यादी पाहून येत नाही.

याचे आपल्याला काय? एवढेच की दवाखान्याच्या भीतीने नोकर गावात बिऱ्हाड करीत नाही. बायकापोरे नागपूरला किंवा चंद्रपूरला, कागदावर मुक्काम गावात.

पण इथे आपण एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. नोकराचा खाजगी दवाखान्याचा खर्च वाढवून देणे हा यावरचा खरा इलाज नव्हे. खरा इलाज मूलच्या सरकारी रुग्णालयात, तालुक्यातालुक्यात डॉक्टर, औषध आणि यंत्र असणे हा आहे. साहेबाचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच खाटेच्या रांगेत आले की ती खाट लवकर सुधारते.

आपला अनुभव विसरू नका. २०१२ साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. पुढे पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले, ते मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ-वर्धा मिळून १४ जिल्ह्यांत. चंद्रपूरचा कापूसवाला त्यातून सुटला. जणू वर्धा नदी ओलांडली की कापूस कोरडवाहू राहत नाही! सर्व कार्डधारकांना योजनेत घेण्याचा निर्णय व्हायला २०२३ साल उजाडले. नियम जुना राहिला की कोण बाहेर पडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सल्लागार

तिसरा विषय सल्लागारांचा. निवृत्त अधिकाऱ्यांना करारावर घेण्याचे नियम १७ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयात आहेत. जाणत्या माणसाचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. हरकत आहे ती कायमची जागा रिकामी ठेवून वर सल्लागार बसवण्याला. कृषी सहायक नाही, पण कृषीचा आराखडा तयार आहे, हे कसले शहाणपण?

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकाऱ्या-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचे असते. सल्लागाराचे मानधन, मुदत आणि त्याने केलेले कामही त्याच फलकावर लागले पाहिजे.

आणि आमचा दर?

कोरडवाहू पिकाच्या नुकसानीचा केंद्राने ठरवलेला दर एप्रिल २०१५ पासून हेक्टरी ६,८०० रुपये होता. तो बदलला २०२२ साली, ८,५०० झाला. सात वर्षांत २५ टक्के. त्याच काळात नोकरांना सातवा वेतन आयोग मिळाला आणि करोनात गोठवलेला काळ धरूनही केंद्राचा महागाई भत्ता जुलै २०२२ ला ३८ टक्क्यांवर गेला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे हेक्टरभर पऱ्हाटी बुडाली तर ठरलेल्या दराने जेमतेम एका क्विंटलची किंमत मिळते. राज्य सरकार कधी ओरड पाहून वर भर घालते. ती मर्जी झाली, हक्क नव्हे.

आम्हाला नोकराचा हेवा नाही. त्याच्या दराला घड्याळ बांधा, जरूर बांधा. पण तेच घड्याळ आमच्या दरालाही बांधा. पेट्रोल त्याला महाग झाले तसे डिझेल आम्हालाही झाले.

भत्ता वाढला म्हणून दौरा होईलच याची हमी काय, असे विचाराल. हमी नाही. म्हणून अट घालायची. जिल्हा बैठकीपुढे हे चार ठराव ठेवीत आहोत. आपापल्या गावात त्यावर बोलून या.

१. प्रवासभत्ता निर्देशांकाशी जोडावा. जंगल आणि दुर्गम भागासाठी दर वेगळा असावा. वाढ आधी खालच्या कर्मचाऱ्याला मिळावी.

२. वाढीव भत्ता घेणाऱ्याची दौरा दैनंदिनी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. ज्या गावचा दौरा दाखवला, त्या गावाला तो खरा की खोटा हे सांगता यावे.

३. वैद्यकीय खर्चाचे नियम सोपे करताना तालुक्याच्या रुग्णालयातील रिकाम्या जागा आधी भराव्यात. सल्लागाराचे मानधन जाहीर व्हावे आणि कायम जागेवर सल्लागार नेमू नये.

४. पीक नुकसानीचा दर नोकरांच्या महागाई भत्त्याबरोबर, त्याच तारखेला वाढावा.

पहिल्या तीन ठरावांना नोकरांच्या संघटनांनी पाठिंबा दिला तर आनंद आहे. चौथ्यालाही ते हात वर करतात का, हे आम्ही पाहणार आहोत.