छायाचित्रांची स्पर्धा आणि प्रेक्षकांचा कौल

हौशी छायाचित्रकारांना गावोगावी फिरवायचे, नेमून दिलेल्या विषयाचे चित्र ठरावीक वेळात टिपून आणावयास लावायचे आणि परीक्षकांसमोर उभे करून एकेकाला बाद करीत जायचे, अशा धर्तीच्या दूरचित्रवाणी स्पर्धा अलीकडच्या काळात अनेक देशांत निघाल्या. २०१४ साली हिस्टरी वाहिनीवर आलेल्या ‘फोटो फेस-ऑफ’मध्ये आशियातील हौशी मंडळी जस्टिन मॉट या व्यावसायिक छायाचित्रकाराशी सामना करीत, २०१६ मध्ये युरोपात सुरू झालेल्या ‘मास्टर ऑफ फोटोग्राफी’चे पारितोषिक दीड लाख युरोंचे होते. असे कार्यक्रम पाहणाऱ्यांची मते येथे चेन्नईत, शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात काय किंवा रविवारी पहाटे कॅमेरा गळ्यात अडकवून निघणाऱ्या तरुणांत काय, ऐकावीत तर ती पुष्कळ असतात आणि ठामही असतात. मात्र बहुधा ती चित्राविषयी नसतात. अमक्या मुलीवर अन्याय झाला, तमका परीक्षक फार तोडून बोलतो, निकाल आधीच ठरला होता, असा त्यांचा सूर असतो. यावरून सामान्य प्रेक्षकाला चित्रातले काही कळत नाही, असा निष्कर्ष काढणारे जाणकार मला भेटले आहेत. तो निष्कर्ष मला सपशेल अमान्य आहे. दस्तऐवज पंचांच्या नजरेखालून न घालता त्यांच्याकडे फैसला मागावा, तसा हा प्रकार आहे.

गाण्याच्या स्पर्धेचे तसे नाही. विजय वाहिनीवरील ‘सुपर सिंगर’ २००६ पासून तामिळनाडूतील घरांत चवीने पाहिली जाते आणि तिच्याविषयी आमच्या इमारतीतील आजीबाईसुद्धा सुरातालाच्या भाषेत मत देतात, ते केवळ त्यांच्या कानावर कर्नाटक संगीताचे संस्कार आहेत म्हणून नव्हे, तर गाण्याला स्वतःचा काळ असतो आणि वाहिनीला तो निमूटपणे द्यावा लागतो म्हणून. छायाचित्राला असा स्वतःचा काळ नसतो. जो ते दाखवतो, तो देईल तेवढाच काळ त्याच्या वाट्याला येतो. स्पर्धकाची धावपळ, त्याचे अश्रू, परीक्षकाच्या उंचावलेल्या भुवया यांना मिनिटांमागून मिनिटे मिळतात, आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते चित्र पार्श्वसंगीताच्या एका ठोक्याबरोबर येते आणि डोळा त्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचण्याआधीच निघून जाते. मग प्रेक्षकाने जे त्याला दाखवले त्याविषयीच, म्हणजे माणसांविषयीच, मत बनवले तर त्यात त्याचा अपराध कोणता?

मैलापूरला कपालीश्वराच्या पंगुनी उत्सवात आठव्या दिवशी त्रेसष्ट नायनमारांच्या मूर्ती पालख्यांतून मंदिराभोवतालच्या माड वीथींनी निघतात, तेव्हा शहरातील झाडून सारे हौशी छायाचित्रकार तेथे लोटतात. त्या गर्दीत मी एका तरुणाला बराच वेळ न्याहाळले. पालखी आली की सभोवती पन्नास हात कॅमेरे घेऊन वर जात. हा मात्र पालखीकडे पाठ करून, रस्त्याच्या कडेला नीरमोर वाटणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थावर नजर ठेवून होता. ताकाचे पातेले रिकामे होत आले, त्या गृहस्थांनी ते तिरपे करून तळचे ताक पेल्यात ओतले, आणि डोळे वर करून त्यांनी देवाला हात जोडले, तेव्हा कोठे त्याने कळ दाबली. निघण्यापूर्वी ते चित्र मी त्याच्या कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर पाहिले. मूर्ती त्यात नव्हती, परंतु त्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या काचेत पालखीचे छत्र उमटले होते, आणि हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चार सेकंदांत ते कोणालाही दिसले नसते.

याच शहराने हौशी छायाचित्रकारांची पारख याहून अधिक सबुरीने केलेली आहे. लिनीअस ट्राइप हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतील अधिकारी; छायाचित्रण ही त्याची रजेच्या काळात जडलेली हौस. १८५४ च्या डिसेंबरात त्याने हळेबीड आणि बेलूर येथील मंदिरांची चित्रे घेतली आणि त्यांपैकी ६८ चित्रे १८५५ च्या मद्रास प्रदर्शनात मांडली. तेथील परीक्षकमंडळाने त्यांना पहिल्या प्रतीचे पदक दिले. पुढच्याच वर्षी सरकारने त्याला इलाख्याचा छायाचित्रकार म्हणून तैनात केले, आणि त्यातून तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेखांचे २१ चित्रे जोडून केलेले, १९ फुटांहून लांब असे अद्‌भुत चित्र निपजले. तेव्हाच्या त्या परीक्षकांपुढे आणि प्रेक्षकांपुढे चित्रे कागदावर होती, भिंतीवर होती, मागे सरावे, जवळ जावे, उद्या पुन्हा यावे, अशी मुभा होती.

ती मुभा आजही देता येईल. २०१९ मध्ये चेन्नई फोटो बिएनालेच्या निमित्ताने मद्रास विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये छायाचित्रे मांडली गेली, तेव्हा या शहराला चित्रांसमोर उभे राहता येते हे दिसून आले. वाहिन्यांनी प्रत्येक चित्र निदान अर्धा मिनिट, संगीत आणि भाष्य थांबवून, अखंड दाखवावे. स्पर्धकाने घेतलेली पण बाजूला सारलेली चित्रेही दाखवावीत, कारण निवड हाच या कलेतील निम्मा भाग आहे आणि प्रेक्षक तिच्याविषयी बोलावयास उत्सुक असतो, असा माझा अनुभव आहे. अखेरच्या फेरीची चित्रे मोठ्या आकारात छापून कौल घेण्यापूर्वी काही आठवडे लोकांसमोर टांगावीत, डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० साली काढलेल्या कलाशाळेचा वारसा चालवणारे एग्मोरचे शासकीय ललित कला महाविद्यालय त्यासाठी सर्वथा योग्य स्थान आहे. वाहिन्या म्हणतील, एवढा वेळ परवडत नाही. परंतु जाहिरातींना तो परवडतो.

आणि प्रेक्षकांचे मत घ्यावयाचेच, तर ज्यांची चित्रे घेतली त्यांचे आधी घ्यावे. कासिमेडूच्या मासेमारी बंदरावर पहाटेच्या लिलावाच्या वेळी कॅमेऱ्यांचा जो गराडा पडतो, त्यात टोपलीशी बसलेल्या कोळिणीला कोणी विचारत नाही, आणि तिचे चित्र कोठे लागले, जिंकले की हरले, हे तिला कोणी कळवत नाही. वास्तविक जाळे ओढताना हात कसा वळतो, मासा ताजा असल्याचे कशावरून ओळखावे, चित्रातील भाव खरा की कॅमेऱ्यासाठी आणलेला, हे तिच्याइतके कोणता परीक्षक जाणतो? तिच्या चित्राची छापील प्रत तिच्या हाती द्यावी आणि तिला काय वाटते ते तिच्याच तमिळमध्ये, काटछाट न करता, ऐकवावे.