रोहितांची हजेरी कोण घेणार?

२० मे २०२४, मुंबईत मतदानाचा दिवस. त्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाला धडकून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले. दोन दिवस सगळे हळहळले, मग सबमिशन्स आली नि विषय संपला.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही फ्लेमिंगोच म्हणायचो. मराठीत त्याला रोहित म्हणतात हे होस्टेलवर कळलं. (शर्मा आठवला ना?) असो. आपले नेचर क्लबवाले मुलुंडहून ऐरोलीला खाडीवर जातात, फोटो शेकड्यांनी आणतात, आकडा मात्र एकही नाही! माझं म्हणणं, वही न्या. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, अंदाजे किती पक्षी, बस्स. ओहोटीला ते चिखलात लांब पांगतात, भरती चढली की किनाऱ्याकडे सरकतात. वेळच लिहिली नाही तर आकड्याला काय अर्थ? रीडिंग न घेता ग्राफ काढला तर सर जर्नल तोंडावर फेकतात की नाही?

ठाणे खाडी २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ. पण तिच्या आसपासचे पूल नि टॉवर उद्या आपल्यापैकीच कुणीतरी डिझाइन करणार. तेव्हा कुणी विचारलं, "इथे पक्षी होतेच कुठे?", तर दाखवायला काहीतरी हवं ना!

पुढच्या ट्रिपला दुर्बीण क्लबची, वही मी आणते.