एका बोटाने तोंड धुता येत नाही

आपल्याकडे इस्लाह-ए-मुआशराचा जलसा असो, शाळेतील पालकसभा असो की लग्नाच्या मांडवातील गप्पा असोत, नौजवानांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: 'आजच्या पोरांपुढे आदर्शच राहिले नाहीत.' मला हे वाक्य पटत नाही. मुलांपुढे आदर्श भरपूर आहेत. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत ती आपल्यालाच पाहत असतात. आपण काय दाखवतो, हा खरा प्रश्न आहे. तो आपल्याच मोहल्ल्यात बसून सोडवायला गेलो की वाद होतात, नावे निघतात आणि चर्चा भरकटते. म्हणून आज थोडे दूर जाऊन एका दुसऱ्या मुस्लिम समाजाकडे पाहू. हा समाज मायदेशातून उखडला गेला, जगभर विखुरला, आणि परक्या मुलुखात दीन व औलाद दोन्ही सांभाळण्याची कसरत गेली तीस-पस्तीस वर्षे करतो आहे. मी सोमाली लोकांबद्दल बोलतो आहे.

मराठी वाचकाला सोमालिया ठाऊक आहे तो बहुधा समुद्री चाच्यांमुळे. मार्च 2024 मध्ये भारतीय नौदलाने पस्तीस चाचे पकडून मुंबईत आणले, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत तीच छायाचित्रे होती. पुण्या-हैदराबादच्या महाविद्यालयांत शिकून गेलेले सोमाली विद्यार्थी मात्र कुणाच्या लक्षात नाहीत. सोमाली माणसे जगभर आहेत. सुएझ कालवा खुला झाल्यावर आपल्या कोकणातील मुसलमान जसे इंग्रजांच्या बोटींवर खलाशी म्हणून गेले, तसेच सोमाली खलाशीही गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेल्समधील कार्डिफ बंदरात त्यांची वस्ती झाली. पण मोठी पांगापांग झाली ती 1991 नंतर. त्या वर्षी जानेवारीत सियाद बर्रे यांची राजवट कोसळली, यादवी पेटली, आणि लाखो लोक घरदार सोडून निघाले. कुणी केनियातील ददाबच्या छावण्यांत अडकले, कुणी येमेनला गेले. कुणी लंडन, टोरांटो, स्टॉकहोमजवळील रिंकेबी, तर कुणी अमेरिकेतील मिनियापोलिस गाठले. सोमालियाच्या उन्हातून आलेल्या माणसांनी बर्फात गाडलेल्या मिनेसोटा राज्यात अमेरिकेतील सर्वांत मोठी सोमाली वस्ती उभी केली.

या लोकांनी सोबत काय नेले? सामान तर नव्हतेच. त्यांनी नेल्या काही सवयी. पहिली सवय दुग्सीची. दुग्सी म्हणजे आपले मक्तब. मायदेशात मुले लाकडी तख्तीवर आयत लिहून पाठ करीत. तख्तीला ते 'लोह' म्हणतात आणि शिकवणाऱ्याला मुअल्लिम, म्हणजे हे शब्द आपल्या उर्दूलाही परके नाहीत. परदेशात तख्ती गेली, पण दुग्सी राहिली. शनिवार-रविवारी जिथे जागा मिळेल तिथे, दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा इमारतीच्या तळघरात, मुले कुरआन पाठ करू लागली. आठवडाभर टॅक्सी चालवणारा किंवा मांसप्रक्रिया कारखान्यात उभ्याने काम करणारा बाप सुट्टीच्या दिवशी मुलाला बोट धरून तिथे नेऊ लागला. मुलाने त्या वर्गात किती शिकले हा भाग वेगळा. थकलेला बाप आपल्यासाठी उठतो, हे त्याने पाहिले. माझ्या मते तरबियतीचा अर्धा धडा तिथेच होतो.

दुसरी सवय 'अयूतो'ची. मदत या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलेले हे नाव, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे: भिशी. दहा-वीस बायका एकत्र येतात, दरमहा ठरलेली रक्कम काढतात आणि पाळीपाळीने एकेकीला सगळी रक्कम मिळते. व्याज नाही, कागद नाही, फक्त शब्दावर भरवसा. या पैशातून कुणी दुकान टाकते, कुणी मुलाची फी भरते, कुणी मागे राहिलेल्या आईला पैसे धाडते. परदेशातील सोमाली लोक दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवतात, आणि त्यातील कितीतरी पैसा सफाई कामगार आणि ड्रायव्हर यांच्या पगारातून गेलेला असतो. सोमाली भाषेत एक म्हण आहे: एका बोटाने तोंड धुता येत नाही. ही म्हण ते मुलांना नुसती सांगत नाहीत, दर महिन्याला करून दाखवतात.

मात्र हे चित्र इतकेच रंगवले तर ती खुशामत होईल. या समाजाची जखमही तितकीच खोल आहे, आणि आपल्याला शिकायचे आहे ते तिच्यापासून.

भाषेचा शिक्षक म्हणून मला सर्वांत आधी दिसते ती भाषेची फट. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली 1972 मध्ये. त्यानंतर 1974-75 मध्ये शाळा बंद ठेवून हजारो विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत आणि भटक्या पशुपालकांत लिहा-वाचायला शिकवण्यासाठी पाठवण्यात आले. ज्या देशाने मुलांच्या हाती असे काम दिले, त्याच देशाची लेकरे परदेशात वाढताना आई-बापांशी मोकळेपणी बोलू शकेनाशी झाली. मूल इंग्रजी किंवा स्वीडिश झपाट्याने शिकते, आई-बाप मागे राहतात. मग दवाखान्यात, सरकारी कचेरीत, शाळेत मूलच दुभाषी होते. शाळेतून आलेली तक्रारीची चिठ्ठीही तेच वाचून दाखवते. अशा घरात बाप कोण आणि मूल कोण, हे हळूहळू उलटे होते. आपल्याकडेही बापाचा बँकेतला अर्ज भरणारा मुलगा याच उंबरठ्यावर उभा असतो. बापाला लिहिता येत नाही यात कमीपणा काही नाही. पण त्या क्षणी बाप मुलाशी कसा वागतो, यावर पुढचे बरेच ठरते.

याचे एक सुंदर उदाहरण आहे. इल्हान उमर आज अमेरिकी संसदेच्या सदस्य आहेत. 2018 मध्ये निवडून आलेल्या पहिल्या दोन मुस्लिम महिलांपैकी त्या एक. त्यांच्यासाठी सभागृहात डोके झाकण्यास मनाई करणारा 181 वर्षांचा जुना नियम बदलावा लागला. केनियातील छावणीत चार वर्षे काढून आलेली ही मुलगी चौदाव्या वर्षी राजकीय पक्षाच्या स्थानिक बैठकीला गेली, कारण आजोबांना दुभाषी हवा होता. आजोबांना इंग्रजी येत नव्हते, पण नव्या देशात मत मांडण्याची हौस दांडगी होती. त्यांनी भाषा येत नाही म्हणून घरी बसणे पसंत केले नाही, आणि नातीला दुभाषी म्हणून राबवून घेऊन गप्पही बसवले नाही. तिला ते सार्वजनिक जीवनाच्या दारापर्यंत घेऊन गेले. इल्हान यांच्या राजकारणाशी कुणाचे पटो न पटो, त्या आजोबांशी माझे पूर्ण पटते.

दुसरी जखम आहे 'डकन एलिस'ची. याचा अर्थ संस्कृतीकडे परतवणे. मुलगा हाताबाहेर गेला, वाईट संगतीला लागला की काही पालक त्याला 'सुधारण्यासाठी' सोमालियात किंवा केनियात पाठवून देतात. काही मुले आजी-मामांच्या मायेत खरोखर सावरतात. पण सुधारणेच्या नावाने चालणाऱ्या काही केंद्रांत मुलांना मारहाण झाल्याचे, साखळदंडांत ठेवल्याचे उघड झाले आहे. आपल्याकडे बिघडलेल्या मुलाला दूरच्या वसतिगृहात किंवा मदरशात 'टाकून' येणारे पालक मी पाहिले आहेत. 'टाकून' हा शब्दही त्यांचाच. मदरसा इल्मची जागा आहे, शिक्षेची नाही. तरबियत ही टपालाने पाठवून करून घेण्याची गोष्ट नव्हे.

तिसरी जखम सर्वांत वेदनादायी. 2007 नंतर मिनेसोटातून वीसहून अधिक सोमाली तरुण गुपचूप निघून गेले आणि अल-शबाब या दहशतवादी संघटनेला जाऊन मिळाले. त्यांतल्या एकाने ऑक्टोबर 2008 मध्ये आत्मघातकी स्फोट केला. आयांना कळेपर्यंत मुले विमानात बसली होती. समाजापुढे दोन वाटा होत्या. कौमची बदनामी होईल म्हणून गप्प बसायचे, किंवा उघड बोलायचे. काही नातेवाइकांनी दुसरी वाट धरली. 2009 आणि 2011 मध्ये ते अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे गेले आणि आमच्या मुलांना कुणी फितवले हे विचारू लागले. त्यासाठी त्यांना आपल्याच लोकांची बोलणी खावी लागली. माझ्या लेखी त्यांनी कौमची सर्वांत मोठी खिदमत केली. कारण नौजवान तेव्हाच विश्वास ठेवतो, जेव्हा मोठी माणसे अडचणीचे सत्यही बोलतात.

आणि मोठी माणसेच चुकली तर? कोरोनाच्या काळात गरीब मुलांच्या जेवणासाठी दिलेला सुमारे 25 कोटी डॉलरचा सरकारी निधी मिनेसोटात लाटला गेला. सप्टेंबर 2022 पासून खटले सुरू झाले. मुख्य संस्थेची प्रमुख महिला सोमाली नव्हती, पण आरोपींत बहुसंख्य सोमाली वंशाचे निघाले. मूठभरांच्या लोभापायी हजारो कष्टकरी कुटुंबांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. हा संशय अन्याय्य आहे, आणि संपूर्ण समाजाला चोर ठरवणाऱ्यांचा निषेधच केला पाहिजे. परंतु तेवढे बोलून आपली जबाबदारी संपत नाही. हराम मांस खाणार नाही म्हणणारा माणूस हराम पैसा खातो, तेव्हा त्याच्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा काय शिकतो? दीन म्हणजे ताटातली आणि कपड्यातली गोष्ट, व्यवहाराशी त्याचा संबंध नाही, हे तो शिकतो. दहा जुम्म्यांचे खुतबे हा धडा पुसू शकत नाहीत.

आता उमेद देणाऱ्या दोन गोष्टी. मेन राज्यातील लुइस्टन हे गिरण्या बंद पडून उतरणीला लागलेले गाव. 2001 पासून तिथे सोमाली कुटुंबे येऊ लागली. 2002 मध्ये खुद्द महापौरांनी सोमाली बुजुर्गांना जाहीर पत्र लिहून आणखी लोक आणू नका असे सुचवले. त्याच गावाच्या हायस्कूलचा फुटबॉल संघ 2015 मध्ये राज्याचा विजेता ठरला. संघात बहुतेक मुले निर्वासितांची होती, आणि त्यांना घडवणारा प्रशिक्षक होता गावातला एक वयस्क गोरा शिक्षक. गावाने पोरांना डोक्यावर घेतले. मी याला चमत्कार म्हणणार नाही. एका शिक्षकाने वर्षानुवर्षे मुलांना नावाने ओळखले, त्याचे ते फळ होते.

दुसरी गोष्ट मो फराहची. लंडन 2012 आणि रिओ 2016 अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये 5,000 आणि 10,000 मीटर धावण्याची सुवर्णपदके जिंकणारा हा धावपटू. 2022 मध्ये त्याने जगाला सांगितले की त्याचे खरे नाव हुसेन अब्दी काहिन. यादवीत वडील मारले गेले. पुढे लहानपणी त्याला दुसऱ्याच मुलाच्या नावाने ब्रिटनमध्ये आणून एका घरात राबवून घेतले गेले. या मुलाने मनातले सांगितले ते शाळेतील खेळाच्या शिक्षकाला, ॲलन वॉटकिन्सन यांना. त्यांनी यंत्रणेला कळवले, आणि मुलगा एका ओळखीच्या सोमाली कुटुंबात राहू लागला. मला यात पदकांपेक्षा मोठे काही दिसते. मुलाला ज्याच्याशी बोलावेसे वाटले असा एक मोठा माणूस त्याच्या आयुष्यात होता. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुलांना असा माणूस आहे? इमामसाहेबांकडे, उस्तादांकडे, चाचांकडे मूल आपली चूक सांगायला जाऊ शकते का, की पहिल्या वाक्यालाच तकरीर सुरू होते?

कुरआनात हजरत लुकमान यांनी मुलाला केलेली नसीहत आली आहे. अनेक भाष्यकारांनी लुकमान हे हबशी होते असे म्हटले आहे, म्हणजे हा उपदेश ज्यांच्या तोंडून आला ते आफ्रिकेच्याच मातीतले ठरतात. त्या नसीहतीत अल्लाहचे एकत्व आहे, नमाज आहे, सब्र आहे, आणि शेवटी चालण्या-बोलण्याची रीत आहे: अकडून चालू नकोस, आवाज खाली ठेव. दीन सुरू होतो अकीद्यापासून आणि पोहोचतो रस्त्यावरच्या चालीपर्यंत. आणि संपूर्ण उपदेशात संबोधन आहे ते मायेचे, 'बाळा' असे. आपण यातली नमाज उचलली, आवाज खाली ठेवायचे मात्र विसरलो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. नौजवानांसाठी आणखी एक जलसा घेण्याआधी प्रत्येक जमातीने तीन कामे करावीत. मशिदीच्या आणि संस्थांच्या पैशाचा हिशेब फलकावर लावावा, म्हणजे मुलांना अमानत म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल. विश्वस्त मंडळावर पंचविशीच्या आतले दोघे घ्यावेत, नुसत्या खुर्च्या मांडायला नव्हे, मत द्यायला. आणि प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक बुजुर्गाने आपल्या घराबाहेरच्या एका मुलाची विचारपूस वर्षभर सोडू नये.

यातल्या कशालाही निधी लागत नाही. लागते ती मोठ्यांची तयारी. अल्लाह आपल्याला ती तौफीक देवो.