288 पाठ झाले. पण आपण मूलचे, आमदार बल्लारपूरचा कसा?



"महाराष्ट्र विधानसभेची सदस्यसंख्या किती?" असं विचारलं की आपली मुलं झोपेतसुद्धा 288 सांगतात. विधान परिषद? 78. विधानसभेची मुदत? 5 वर्षे. गुण मिळतात, धडा संपतो. पण मूलच्या एखाद्या मुलानं विचारलं, "सर, आपण मूलचे, मग आपला आमदार बल्लारपूरचा कसा?" तर पुस्तकात उत्तर सापडत नाही. खरा धडा तिथूनच सुरू होतो, असं माझं मत आहे.

विधिमंडळ म्हणजे पाठ करायचा आकडा नव्हे. तो एक हिशेब आहे. तो आजवर अनेकदा बदलला आणि आता पुन्हा मांडला जाणार आहे. त्यात चंद्रपूर-गडचिरोलीचं वजन किती राहील, हा प्रश्न आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलांचा आहे. म्हणून हा धडा आकड्यानं नको, हिशेबानं शिकवू या.

गाव तेच, विधानसभा वेगळी

मूल जिथं होतं तिथंच आहे. विधानसभा मात्र बदलत गेली. इंग्रजांच्या काळात चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. 1935 च्या कायद्यानुसार 1937 मध्ये निवडणूक झाली आणि मध्य प्रांत व वऱ्हाडची 112 सदस्यांची विधानसभा नागपुरात बसली. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. धानाच्या बांधीत राबणारा मजूर, जंगलातला गोंड-माडिया माणूस बहुतेक बाहेरच राहिला.

1950 मध्ये या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळालं आणि 232 सदस्यांची विधानसभा निवडली गेली. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. 1957 ची विधानसभा 396 सदस्यांची होती. 1 मे 1960 ला तिचे दोन भाग झाले: महाराष्ट्राला 264, गुजरातला 132. बेरीज करून बघा, बरोबर जुळते. पुढे महाराष्ट्राची संख्या 1967 मध्ये 270 आणि 1978 मध्ये 288 झाली.

आपल्याच जिल्ह्यातल्या राजुऱ्याची गोष्ट तर आणखी निराळी. तो तालुका निजामाच्या हैदराबादचा. 1956 ला मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि 1959 ला चांद्यात आला. म्हणजे 1952 साली मूलचा मतदार नागपूरची विधानसभा निवडत होता आणि राजुऱ्याचा मतदार हैदराबादची!

हा सगळा इतिहास एका माणसाच्या नावानं सांगता येतो. मा. सां. कन्नमवार. 1952 मध्ये मध्य प्रदेश विधानसभा, 1957 मध्ये द्वैभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. 1962 मध्ये ते सावलीतून निवडून आले आणि त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला राज्याचे दुसरे मुख्यमंत्री झाले. 24 नोव्हेंबर 1963 ला पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. आज देवेंद्र फडणवीस यांचं घराणंही मूलचं, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण अभिमानानं धडा पूर्ण होत नाही. ज्या सावली मतदारसंघानं मुख्यमंत्री दिला, त्याच भागातल्या शोभाताई फडणवीस ज्या सावलीच्या आमदार होत्या आणि मंत्री झाल्या, तो मतदारसंघ आज कुठं आहे?

सावली मतदारसंघ गेला कुठं?

2008 च्या पुनर्रचनेत सावली हा मतदारसंघच राहिला नाही. सावली तालुका ब्रह्मपुरी मतदारसंघात गेला आणि मूल बल्लारपूर मतदारसंघात आलं. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आता हे का झालं, तेही समजावून सांगायला हवं.

मतदारसंघाची मुख्य फूटपट्टी लोकसंख्या. एका आमदारामागे साधारण सारखी माणसं असावीत, म्हणजे प्रत्येक मताची किंमत सारखी राहते. तत्त्व न्याय्य आहे, त्याबद्दल वाद नाही. राज्याची एकूण संख्या 1971 च्या जनगणनेवर गोठवलेली असल्यामुळे 2008 मध्ये 288 हा आकडा बदलला नाही. बदलली ती आतली वाटणी. विदर्भ 66 वरून 62 वर आला. मुंबई 34 वरून 36 वर आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा 13 वरून 24 वर गेला. माणसं रोजगारासाठी जिकडं गेली, तिकडं आमदारही गेले.

फळ्यावर करून दाखवावं असं गणित

आठवी-नववीची मुलं हे गणित सहज करतील. 2011 ची जनगणना घ्या. राज्य 11.24 कोटी, भागिले 288, म्हणजे आमदारामागे सुमारे 3.90 लाख माणसं. चंद्रपूर 22.04 लाख, म्हणून वाटा 5.65. गडचिरोली 10.73 लाख, वाटा 2.75. पूर्णांकात 6 आणि 3. आज तेवढेच आमदार आहेत.

आता वाढीचा वेग बघा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत राज्य सुमारे 16 टक्के वाढलं. गडचिरोली 10.6 टक्के, चंद्रपूर फक्त 6.4 टक्के, ठाणे 36 टक्के. हाच वेग आणखी एक दशक धरला तर राज्य 13.04 कोटी, आमदारामागे 4.53 लाख. चंद्रपूर 23.45 लाख, म्हणजे वाटा 5.18. पूर्णांकात 6 नाही, 5!

हे भाकीत नाही, निव्वळ त्रैराशिक आहे. खरे आकडे वेगळे येतील. 288 ही संख्याच वाढवली तर हिशेबही बदलेल. पण वारा कुठल्या दिशेनं वाहतो, ते यातून कळतं.

आता दुसरी बाजू. गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. आमदार तीन, तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. एका आमदाराकडे सरासरी 4,800 चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सुमारे 600 चौरस किलोमीटर आणि आमदार 36. माणसांच्या हिशेबानं दोन्हीकडे फारसा फरक नाही, हे मान्य. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या माणसाला आमदारापर्यंत पोचायला लागणारा दिवस कुठल्या भागाकारात बसतो? उद्या एक जागा कमी झाली तर उरलेले मतदारसंघ आणखी पसरतील.

2002 च्या परिसीमन कायद्यातच लोकसंख्येबरोबर भौगोलिक रचना, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय बघायला सांगितलं आहे. म्हणजे आपलं म्हणणं मांडायला कायद्यात जागा आहे. आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. ही वेळ निघून गेली की चौकात चर्चा करून काही उपयोग नाही.

आपण शिक्षक यात कुठं बसतो?

विधान परिषदेच्या 78 जागांची विभागणी आपण शिकवतो: 30 विधानसभेच्या सदस्यांकडून, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, 7 पदवीधरांकडून, 7 शिक्षकांकडून आणि 12 राज्यपालनियुक्त. यातली एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. शिक्षक मतदारसंघात मत द्यायचं तर माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत शिकवणं आवश्यक आहे. घटनेच्या कलम 171 मध्येच तसं आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतला गुरुजी शिक्षक आहे, पण शिक्षक मतदारसंघाचा मतदार नाही! पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवणाऱ्याला हे मत का नसावं? घटना लिहिली त्या काळाची कारणं काहीही असोत, आज ही अट बदलावी, असं मला ठामपणे वाटतं.

पण गंमत बघा. ज्या गुरुजीला तिथं मत नाही, त्याच्याच हातात जनगणनेचं काम येतं. गावातलं घर आणि माणूस मोजणारा बहुतेक वेळा तोच. आणि याच मोजणीवर पुढची विधानसभा उभी राहणार आहे. घटनेतल्या तरतुदीनुसार जागांचा गोठवलेला आकडा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. महिलांसाठी एक तृतीयांश जागांचा 2023 चा कायदाही जनगणना आणि पुनर्रचना झाल्यावरच लागू व्हायचा आहे. 288 चा एक तृतीयांश 96 होतो. 2019 मध्ये निवडून आलेल्या महिला 24 होत्या. मुलींना हा फरक वर्गात जरूर काढायला लावा.

जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आणि माणसांची मोजणी फेब्रुवारीत. आपल्याकडे त्या दिवसांत काय असतं? मूल, सावली, पोंभुर्णा, गोंडपिपरीकडचे मजूर धान निघालं की तेलंगणात मिरची तोडायला जातात. घरी उरतात म्हातारे आणि काही ठिकाणी शाळकरी पोरं. मोजणीच्या पूर्ण काळात जो बाहेर असतो, तो जिथं सापडेल तिथं मोजला जातो. म्हणजे माणूस मूलचा, मोजला जाणार खम्मममध्ये. किंवा शेतातल्या झोपडीपर्यंत कुणी पोचलंच नाही, तर कुठंच नाही. एवढ्यानं एखादी आमदारकी जाणार नाही, हे खरं. पण गावागावांतली तूट मिळून जिल्ह्याचा आकडा खाली येतो आणि ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर शे-पन्नास माणसांनीसुद्धा फरक पडतो.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत.

1. विधिमंडळाचा धडा आपल्या मतदारसंघाच्या नकाशापासून सुरू करा. आपलं गाव कुठल्या मतदारसंघात, शेजारचा तालुका कुठल्या, हे मुलांना रंगवू द्या.
2. आजी-आजोबांना विचारायला लावा: पहिलं मत कधी दिलं, तेव्हा मतदारसंघाचं नाव काय होतं?
3. वरचं भागाकाराचं गणित मुलांकडून करून घ्या. नागरिकशास्त्र आणि गणित एकाच तासात होतं.
4. पालकसभेत जनगणनेचा विषय काढा. बाहेरगावी जाणाऱ्यांनी मोजणीच्या काळात निदान एकदा घरी यावं किंवा तिकडं तरी स्वतःची नोंद करून घ्यावी, हे सांगा.
5. पुनर्रचनेचा मसुदा आला की ग्रामसभेत तो वाचून दाखवा. नकाशा वाचता येणारा माणूस गावात बहुधा शिक्षकच असतो.

288 हा आकडा उद्या बदलू शकतो. मग आज पाठ केलेलं उत्तर चुकेल. पण तो आकडा कसा ठरतो हे ज्याला कळलं, ते पोरगं उद्या सुनावणीत उभं राहून आपल्या गावासाठी बोलेल. बघा, पटलं तर येत्या तासाला करून पाहा.