संघाआधी त्रेसष्ट गुंठे

26 जानेवारी 2025 रोजी रांचीत महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमा हॉकी क्लबला 2-1 असे हरवले. विजेत्यांचे दोन्ही गोल एकाच मुलीच्या स्टिकवरून आले. ती सातारा जिल्ह्यातली ऋतुजा पिसाळ. हरलेला सूरमा हा पंजाब-हरियाणाच्या नावाने खेळणारा संघ. त्याची मालकी जेएसडब्ल्यूकडे आहे आणि या समूहाचा पोलाद कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या डोलवीत धगधगतो आहे. म्हणजे गोल करणारी महाराष्ट्राची, हरलेल्या संघामागचा उद्योगही महाराष्ट्रात रुजलेला. मात्र त्या लीगमध्ये पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ उतरले, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता.

हे दुखणे आता बोलून दाखवायला हवे, कारण लीगमध्ये पुन्हा उलथापालथ सुरू झाली आहे. दुसऱ्या हंगामाआधी यूपी रुद्राज बाहेर पडला आणि त्याच्या जागी लीगच्या संचालन परिषदेला स्वतःचाच संघ उभा करावा लागला. विशाखापट्टणमच्या नावाचा गोनासिका गेला, रांची रॉयल्स आला. ऋतुजाने ज्या ओडिशा वॉरियर्सला पहिला चषक जिंकून दिला, त्या संघाची जागाही रांचीनेच घेतली. खुर्च्या रिकाम्या होत आहेत, नवे मालक शोधले जात आहेत. अशा वेळी मुंबईसाठी किंवा विमानतळ झाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी असलेल्या नवी मुंबईसाठी संघ मागण्याची हाक उठणे साहजिक आहे. आम्हालाही तो संघ हवा आहे. पण ज्या पद्धतीने तो आजवर आला, त्याच पद्धतीने पुन्हा येणार असेल तर धोक्याची घंटा आत्ताच वाजवली पाहिजे.

मागचा हिशेब तपासू. 2005 साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा आपला संघ होता मराठा वॉरियर्स, आणि त्यात खडकीचा धनराज पिल्ले होता. 2008 नंतर लीगच बंद पडली. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स असे दोन संघ मिळाले. पुण्याने तर चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमवर अंतिम सामना खेळला, शेर-ए-पंजाबकडून 5-2 ने हरला, आणि पुढे ती स्पर्धा पुन्हा झालीच नाही. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग आली, मुंबई मॅजिशियन्स आला. दोन्ही हंगामांत तळाला राहून तो गेला. 2015 मध्ये दबंग मुंबई आला आणि 2017 मध्ये चंडीगडला कलिंगा लान्सर्सविरुद्ध अंतिम फेरीत पोहोचला. त्यानंतर लीग सात वर्षे थंडावली. 2024 च्या डिसेंबरात ती परतली तेव्हा त्या अंतिम सामन्यातले कलिंगा लान्सर्स पुन्हा मैदानात होते. दबंग मुंबई मात्र नव्हता.

बारा-तेरा वर्षांत पाच नावे. या पाचांपैकी एकाने तरी जाताना एक सराव मैदान, एखादी कनिष्ठ गटाची अकादमी, शाळांचे जाळे मागे ठेवले का? आम्हाला तरी आठवत नाही. जर्सी आली, घोषणा झाली, दूरचित्रवाणीवर चार आठवडे झळकली आणि संपली. ज्या संघाला गाव नसते, त्याला जायला वेळ लागत नाही.

याच राज्यात कबड्डीचे काय झाले ते पाहा. 2014 साली प्रो कबड्डीत यू मुंबा आणि पुणेरी पलटण उतरले, दोघेही टिकून आहेत. पैसा आणि दूरचित्रवाणी तिथेही होतीच. पण आमच्या मते खरे कारण वेगळे आहे. पेण-अलिबाग-पनवेलच्या कुठल्याही गावात देवळासमोर तेरा बाय दहा मीटरची माती कबड्डीसाठी राखलेली असते, मंडळ असते, चढाई पाहायला जमणारी म्हातारी माणसे असतात. लीग त्या मातीवर येऊन बसली. हॉकीला तशी मातीच आपण ठेवलेली नाही.

आणि मैदान नसेल तर श्रीमंत खेळही हलतात. अमेरिकेच्या बर्फावरच्या हॉकीत अॅरिझोनाचा संघ 1996 मध्ये कॅनडातल्या विनिपेगहून उचलून आणला होता. तो 28 वर्षे तिथे राहिला. शेवटी हक्काचे क्रीडागार नाही म्हणून सुमारे पाच हजार आसनांच्या महाविद्यालयीन क्रीडागारात खेळू लागला. नव्या क्रीडागाराचा प्रस्ताव टेम्पी शहराच्या मतदारांनी 2023 च्या मे महिन्यात फेटाळला आणि वर्षभरात तो संघ यूटाला गेला. अब्जावधी डॉलरच्या धंद्यात जे घडते, ते आपल्या पाच-सहा आठवड्यांच्या लीगमध्ये घडणार नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. परतलेल्या लीगचा पहिला हंगाम तर राउरकेला आणि रांची या दोनच शहरांत उरकला. जिथे टर्फ आणि प्रेक्षक आहेत तिथेच ती जाते.

राउरकेला हेही पोलादाचेच गाव. तिथे 2023 च्या विश्वचषकासाठी वीस हजार आसनांचे बिरसा मुंडा स्टेडियम उभे राहिले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओडिशा सरकारने राउरकेला ज्यात येते त्या सुंदरगड जिल्ह्याच्या सतराही गटांत टर्फ अंथरण्याचा कार्यक्रम घेतला. पोलाद आपल्या रायगडातही आहे, बंदर आहे, आता विमानतळही आहे. टर्फ कुठे आहे? खारघर-कामोठ्यात पोरांना ‘टर्फ’ विचारा, ती जाळी लावलेला, तासावर भाड्याने मिळणारा बॉक्स क्रिकेटचा पिंजरा दाखवतील. हॉकी खेळू पाहणाऱ्या मुलीने सव्वा तास हार्बर लोकलने सीएसएमटी गाठायचे आणि तिथून पुढे चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमला जायचे, तेही शाळा सुटल्यावर. किती मुली जातील? फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, कारण त्यांना बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत राहायला, जेवायला आणि रोज टर्फवर उतरायला मिळाले. कुठल्याही फ्रँचायझीने त्यांना घडवलेले नाही.

हॉकीचे मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असते. भोवतीची मोकळी जागा धरली तर साधारण 63 गुंठे लागतात. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंडाची लढाई लढलेल्या पनवेल-उरणच्या माणसाला गुंठ्याचे मोल सांगायला नको. आज विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, नैनाच्या नगररचना परियोजनांत भूखंडांच्या रेषा आखल्या जात आहेत. रस्ता कुठे, शाळा कुठे, विक्रीचा भूखंड कुठे हे आत्ता ठरते आहे. रेषा एकदा पक्की झाली, त्यावर बावीस मजले चढले की 63 गुंठे सलग सापडणार नाहीत. पैसे मोजूनही सापडणार नाहीत. आमची घाई एवढ्यासाठीच आहे. संघ दोन वर्षांनी मागता येईल, जमीन मागता येणार नाही.

पाण्याचा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. पाण्यावर चालणारे टर्फ प्रत्येक सामन्याआधी भिजवावे लागते आणि देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठते तेव्हा पनवेलकर टँकरची वाट पाहतात. पण सरावासाठी कमी पाण्याचे, वाळू भरलेले टर्फ चालते, आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा विचार मोठ्या मैदानासाठी करता येतो. ही अडचण अभियंत्यांनी सोडवण्याची आहे, तिच्या आडून भूखंड सोडून देण्याची नाही.

पनवेल महापालिकेत 2022 पासून प्रशासकाचे राज्य होते. जानेवारी 2026 च्या निवडणुकीने पुन्हा लोकांचे सभागृह दिले आहे. सिडको, महापालिका आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांनी एकत्र बसून पनवेल तालुक्यातला एक भूखंड हॉकीच्या नावाने आरक्षित करावा आणि तो नकाशावर लोकांना दाखवावा. लीगमध्ये महाराष्ट्राच्या नावाने संघ घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक उद्योगसमूहाला राज्य सरकारने पहिली अट हीच घालावी: दहा वर्षे त्या मैदानाची देखभाल आणि शाळकरी मुलामुलींचे प्रशिक्षण, हंगाम असो वा नसो. ही अट ऐकून जो पाठ फिरवेल, त्याचा संघ आपल्याला नको. नैनाच्या ज्या परियोजनांवर हरकती-सूचनांची मुदत अजून उघडी आहे, तिथे पहिली सूचना हॉकीच्या 63 गुंठ्यांची जावी. ती आम्ही देणार आहोत, वाचकांनीही द्यावी.